गमावलेल्या चेंडूचा हिशेब

आमचे एक स्नेही आयुष्यभर बँकेंत हिशेब तपासण्याचें काम करीत आले आहेत. त्यांची धाकटी कन्या पुण्यांतील एका कॉलेजांत शिकते व तेथील मुलींच्या बास्केटबॉल संघांत खेळते. मुलीचा एकही सामना ते चुकवीत नाहींत. मात्र सामन्यास जातांना खिशांत एक लहानशी वही नेतात आणि तिचीं दोन पानें समोरासमोर उघडून बसतात. डावीकडे जमा, उजवीकडे नांवें. मुलीनें दिलेला चेंडू घेऊन जोडीदारणीनें गुण केला, कीं डावीकडे एक रेघ. मुलीच्या हातून चेंडू प्रतिपक्षाकडे गेला, कीं उजवीकडे एक रेघ. सामना संपला, कीं घरीं जातांना वाटेंतच बेरीज होते.

गेल्या हंगामांतील एका सामन्यांत डावीकडे सात रेघा पडल्या आणि उजवीकडे सहा. संघ जिंकला होता. तरी वडिलांचा चेहरा उतरला, आणि संघाच्या शिक्षकांनींही तिला बजावलें, कीं पुढच्या खेपेस दोहोंपेक्षां अधिक वेळां चेंडू गेला, तर बाकावर बसावें लागेल. पुढच्या सामन्यांत उजव्या पानावर एकच रेघ पडली. पण डाव्या पानावर दोनच. संघ हरला. तथापि शिक्षक संतुष्ट व वडीलही संतुष्ट. त्या संध्याकाळीं ती मुलगी आमच्याकडे आली. पुढें केलेल्या चिवड्याच्या बशीला तिनें हात लावला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "काका, आज सगळ्यांनीं मला शाबासकी दिली. पण खरें सांगूं का, आज मी खेळलेंच नाहीं."

तिचें हें वाक्य आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत राहिलें. या महिन्याचें पान आम्ही त्याच्याच विचारास देत आहों.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नसेल, त्यांच्यासाठीं प्रथम चार शब्द. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनीं हा खेळ बसविला. हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळतां यावें, हा हेतु. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयाचा, एवढाच प्रारंभ. नेस्मिथ यांनीं केलेल्या मूळच्या तेरा नियमांत एक असा होता, कीं चेंडू हातांत घेऊन धांवतां येणार नाहीं; जेथें झेलला, तेथूनच तो दुसऱ्यास दिला पाहिजे. चेंडू जमिनीवर आपटीत पुढें नेण्याची रीति मागाहून आली. म्हणजे आपल्या हातचें दुसऱ्याच्या हातीं देणें, हा या खेळाचा जन्मापासूनचा धर्म आहे. आपल्या देशांत तो रुजविण्यांतही त्याच संस्थेचा, विशेषतः मद्रासेस १९२० सालीं निघालेल्या तिच्या व्यायामशिक्षण विद्यालयाचा, मोठा वांटा आहे.

संघांत पांच जण खेळतात. त्यांपैकीं जो चेंडू पुढें आणतो, कोणीं कोठें जावें हें खुणावतो, आणि कोणाच्या हातीं केव्हां चेंडू द्यावा हें ठरवितो, त्यास पॉइंट गार्ड म्हणतात. त्यानें दिलेल्या चेंडूवर लगेच गुण झाला, कीं त्याच्या नांवावर एक 'असिस्ट' लिहितात. चेंडू वाटेंत अडविला गेला, हातून निसटला, मैदानाबाहेर गेला, किंवा पावलें चुकल्यामुळें पंचांनीं तो प्रतिपक्षास दिला, तर एक 'टर्नओव्हर'. आमच्या स्नेह्यांच्या वहीतील डावें आणि उजवें पान तें हेंच. एकास दुसऱ्यानें भागलें, कीं पॉइंट गार्डची किंमत निघाली, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज सर्वस्वीं खोटा नाहीं; पण तो अर्धाच खरा आहे, आणि मुलांच्या बाबतींत अर्धें सत्य फार महाग पडतें.

घरीं मंगलकार्य असलें, म्हणजे वाचकभगिनींच्या एक गोष्ट नेहमीं पाहण्यांत येते. पंगतींत आमटी सांडते ती वाढणारीच्या हातून. माजघरांत बसून राहिलेलीच्या हातून एक थेंबही सांडत नाहीं. म्हणून बसून राहिलेलीस कोणी सुगरण म्हणत नाहीं. बास्केटबॉलचेंही असेंच आहे. अमेरिकेच्या एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेंत २०१६-१७ च्या हंगामीं जेम्स हार्डन यानें ४६४ वेळां चेंडू गमावला. एका हंगामांत इतके टर्नओव्हर त्यापूर्वीं कोणाचेच झाले नव्हते. त्याच्या खालोखाल रसेल वेस्टब्रुक, ४३८. आतां त्याच हंगामांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान कोणास मिळाला, तें पाहावें. पहिला वेस्टब्रुक, आणि मतगणनेंत दुसरा हार्डन! हार्डननें त्या वर्षीं ९०७ असिस्ट केले, आणि त्याहून अधिक दुसऱ्या कोणाचेच नव्हते. लेब्रॉन जेम्स यानें ७ फेब्रुवारी २०२३ रोजीं एन. बी. ए. मधील सर्वाधिक गुणांचा विक्रम आपल्या नांवें केला. आणि त्या संघटनेच्या इतिहासांत सर्वांत अधिक टर्नओव्हरही त्याच्याच नांवावर आहेत. ज्याच्यावर भार, त्याच्याच खात्यावर तूट, हें यावरून उघड होतें.

म्हणून पहिला प्रश्न 'किती वेळां गेला' हा नव्हे, तर 'किती वेळां हातीं आला, त्यांपैकीं किती वेळां गेला' हा आहे. जाणते लोक यासाठीं एक भागाकार करतात. खेळाडूनें केलेले मारे, त्यास मिळालेल्या दंडफेकांचा शेंकडा ४४ वा भाग, आणि त्याचे टर्नओव्हर यांची बेरीज घेऊन तिनें टर्नओव्हरांस भागतात. नुसत्या संख्येपेक्षां ही रीति बरी. तथापि तिच्यांतही एक खोंच आहे. या बेरजेंत दुसऱ्यास दिलेले चेंडू धरलेलेच नाहींत. त्यामुळें जो पॉइंट गार्ड स्वतः थोडे मारे करून इतरांस देत राहतो, तो या भागाकारांत विनाकारण उधळा दिसतो.

जमेच्या पानाचीही हीच गत आहे. चेंडू कितीही नेमका दिला, तरी घेणाऱ्याचा मारा हुकला तर असिस्ट नाहीं. घेणाऱ्यास धक्का देऊन अडविलें व त्यानें दोन दंडफेकांवर दोन गुण मिळविले, तरीही एन. बी. ए. च्या पद्धतींत असिस्ट नाहीं. एकानें दिलेल्या चेंडूनें बचावाची फळी फुटली आणि त्यापुढच्या दुसऱ्या हातानें दिलेल्या चेंडूवर गुण झाला, तर फळी फोडणाऱ्याचें नांव कोठेंच येत नाहीं. २०१३-१४ पासून एन. बी. ए. च्या सर्व क्रीडागृहांत उंचावर कॅमेरे बसविले गेले, आणि 'मारा लागला असता तर असिस्ट झाला असता' अशा चेंडूंचीही मोजदाद होऊं लागली. पण आपल्याकडच्या कॉलेजांत बापाच्या डोळ्यांवांचून दुसरा कॅमेरा कोठचा?

जें लिहिलें जात नाहीं तें घडलेंच नाहीं, असें आपण किती सहज धरून चालतों, याचें एक उदाहरण बोधप्रद आहे. १९६१-६२ च्या हंगामांत ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूनें दर सामन्यास सरासरीनें ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड म्हणजे टोपलीवरून उसळलेले चेंडू, आणि ११.४ असिस्ट केले. अशी त्रिविध सरासरी राखणारा दुसरा खेळाडू निघण्यास २०१६-१७ साल उजाडावें लागलें, आणि तो वर उल्लेखिलेला वेस्टब्रुक. तेव्हां रॉबर्टसनशीं त्याची तुलना सुरू झाली, आणि वेस्टब्रुकच्या ४३८ टर्नओव्हरांकडे बोट दाखविलें गेलें. पण एन. बी. ए. मध्यें प्रत्येक खेळाडूचे टर्नओव्हर लिहिण्याची पद्धतच मुळीं १९७७-७८ पासून सुरू झाली! रॉबर्टसनच्या वहीस उजवें पानच नव्हतें. एकाची वही एकपानी व दुसऱ्याची दोनपानी असतां दोघांचा न्याय करूं पाहणें, हें सुज्ञपणाचें नव्हे.

दुसरा प्रश्न असा, कीं चेंडू कोणत्या रीतीनें गेला? चेंडू रेषेबाहेर गेला, तर खेळ थांबतो आणि बचाव करणाऱ्यांस आपापल्या जागीं परतण्यास अवकाश मिळतो. तोच चेंडू मैदानाच्या मध्यावर प्रतिपक्षाच्या हातीं धांवता सांपडला, तर पुढें रान मोकळें असतें आणि दोन गुण जवळजवळ ठरलेले. वहींत मात्र दोहोंची रेघ एकच. २०२५ च्या अंतिम मालिकेंतील पहिल्या सामन्यांत इंडियाना पेसर्स या संघानें पूर्वार्धांतच १९ वेळां चेंडू गमावला. एवढ्यावर सामना तेथेंच संपावयाचा. परंतु प्रतिपक्षास त्यांचा पुरेसा लाभ उठवितां आला नाहीं, आणि अखेरीस पेसर्सच १११ विरुद्ध ११० असे विजयी झाले.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोणता लाभ साधण्याच्या यत्नांत चेंडू गेला? एन. बी. ए. मध्यें टोपलीच्या अगदीं जवळून केलेले मारे तिहींपैकीं सुमारें दोन लागतात. मध्यम अंतरावरून केलेले दहांपैकीं सुमारें चार. आतां असें समजा, कीं एका पॉइंट गार्डनें गर्दींतून टोपलीकडे धांवणाऱ्या जोडीदारास सहा वेळां चेंडू देऊं केला. एक वेळ तो अडविला गेला. पांच वेळां पोंचला. त्या पांचांतून साडेसहा गुणांच्या आसपास मिळकत होते. दुसऱ्यानें धोका न पत्करतां सहाही वेळां मध्यम अंतरावरून मारे करविले. त्याची मिळकत पांच गुणांच्या घरांत. पहिल्याच्या नांवावर एक टर्नओव्हर आहे, दुसऱ्याच्या नांवावर एकही नाहीं. आणि तरीही संघाचें हित पहिल्यानें केलें. गेलेल्या चेंडूवर प्रतिपक्षानें चढाई केली तर तेवढी वजावट धरावी, हें खरें. ती धरूनही पहिला सहसा पुढेंच राहतो. कॉलेजांतील मुलींच्या खेळांत प्रमाणें निराळीं असतील. हिशेबाची रीति तीच.

इतकें वाचून एखादा तरुण खेळाडू म्हणेल, 'म्हणजे चेंडू गमावण्यास आतां मोकळीक झाली!' तसें मुळींच नाहीं. चेंडू गमावणें हें नुकसानच आहे. अलीकडच्या हंगामांत एन. बी. ए. चे संघ चेंडू शंभर वेळां ताब्यांत आला असतां सुमारें ११५ गुण करतात. म्हणजे प्रत्येक गमावलेल्या चेंडूबरोबर एक गुण आणि वर कांहीं चिल्लर जाते. डीन ऑलिव्हर यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत जिंकण्याचीं चार कारणें सांगितलीं आहेत. नेमकेपणाच्या खालोखाल, रिबाउंड आणि दंडफेका यांच्याही वर, त्यांनीं चेंडू राखण्यास स्थान दिलें आहे. शिवाय औदार्य आणि सावधपणा हीं एकत्र नांदूं शकतात, याचे पुरावे डोळ्यांपुढें आहेत. यूटा जॅझ संघांत १९८४ ते २००३ अशीं एकोणीस वर्षें खेळलेल्या जॉन स्टॉकटन यानें १५,८०६ असिस्ट केले, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. त्याचे टर्नओव्हर ४,२४४. क्रिस पॉल यानें २००७-०८ मध्यें ९२५ असिस्ट केले, आणि चेंडू गमावला अवघा २०१ वेळां. टायरीज हॅलिबर्टन या तरुणानें २०२४-२५ मध्यें दर सामन्यास सरासरी ९.२ असिस्ट केले, टर्नओव्हर केवळ १.६. त्याच वर्षींच्या २७ मे रोजीं न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्यानें ३२ गुण, १२ रिबाउंड आणि १५ असिस्ट केले. टर्नओव्हर एकही नाहीं.

हे तिघे चेंडू देण्यास भीत नव्हते, हें ध्यानांत ठेवावें. स्टॉकटननें जे चेंडू राखले, ते दुसऱ्यांस देण्यासाठीं राखले. निष्काळजीपणाचे टर्नओव्हर त्यांनीं काढून टाकले. प्रयत्नाचे टर्नओव्हर त्यांनीं पत्करले. भीतीनें जो चेंडू राखतो आणि कौशल्यानें जो राखतो, त्यांच्या वहीचें उजवें पान सारखेंच कोरें दिसतें. भेद दिसतो तो डाव्या पानावर.

आणखी एक गोष्ट. एका गमावलेल्या चेंडूवरून मनुष्याचें मोल ठरवूं नये. २६ मे १९८७ रोजीं बोस्टन येथें उपान्त्य मालिकेचा पांचवा सामना चालू होता. शेवटचीं पांच सेकंदें उरलीं असतां डिट्रॉइटचा संघ एका गुणानें पुढें होता आणि चेंडूही त्याचाच. तो त्यांचा पॉइंट गार्ड आयझाया थॉमस यानें रेषेबाहेरून आंत फेंकला. बोस्टनच्या लॅरी बर्डनें झडप घालून तो पळविला व डेनिस जॉन्सनला दिला, आणि त्यानें गुण केले. सामना १०८-१०७ असा बोस्टननें जिंकला, आणि पुढें मालिकाही. याहून महाग टर्नओव्हर क्वचितच कोणाच्या नांवावर असेल. डिट्रॉइटच्या संघचालकांनीं त्या एका रेघेवरून थॉमसच्या हातचा चेंडू काढून घेतला असता, तर? त्यांनीं तो काढून घेतला नाहीं. १९८९ व १९९० या दोन्ही सालीं डिट्रॉइटनें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९९० च्या अंतिम मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच थॉमस.

आतां पुन्हा आमच्या स्नेह्यांच्या कन्येकडे येऊं. पुढच्या रविवारीं आम्हीं बापलेकींस चहास बोलाविलें व वही आणावयास सांगितली. त्या सहा रेघांपैकीं एकेक घेऊन 'हा चेंडू कसा गेला?' असें आम्ही विचारीत गेलों, आणि ती सांगत गेली. तिला सहाही आठवत होते. एकदां पावलें चुकलीं. एकदां उभ्याउभ्या, न पाहतांच, बाजूच्या मुलीकडे चेंडू टाकला व तो मध्येंच अडविला गेला. एकदां दोघींच्या गराड्यांत उगीचच चेंडू आपटीत राहिली. हे तीन केवळ आळसाचे किंवा हट्टाचे. यांची सबब तिनेंही सांगितली नाहीं. उरलेल्या तिहींत टोपलीकडे धांवणाऱ्या मैत्रिणीस तिनें चेंडू दिला होता. दोन वेळां तो नीट पोंचला, पण मैत्रिणीचें लक्ष नसल्यानें तिच्या हातून निसटला. एकदां प्रतिपक्षाच्या उंच मुलीनें हात घातला. आणि डाव्या पानावरच्या सात असिस्टांपैकीं पांच त्याच वाटेनें, त्याच मैत्रिणीस दिलेल्या चेंडूंचे होते!

आमचे स्नेही बराच वेळ गप्प राहिले. तेव्हां आम्हीं त्यांस त्यांच्याच धंद्यांतला एक प्रश्न केला. "ज्या शाखेचें एकही कर्ज बुडालेलें नाहीं, तिच्याविषयीं आपण वर काय लिहितां?" ते हंसले. म्हणाले, "त्या शाखेनें कर्जेंच दिलीं नाहींत, असें लिहितों. पण महाराज, तारण न पाहतां दिलेल्या कर्जाबद्दलही आम्ही लिहितों बरें का!" आम्ही म्हणालों, "तेंच आमचेंही म्हणणें. पहिले तीन चेंडू विनातारण दिले. ते बंद झालेच पाहिजेत. दुसऱ्या तिहींस तारण होतें. ते बंद झाले, तर शाखाच बंद करावी लागेल."

मुलीच्या शिक्षकांस आम्ही दोष देत नाहीं. संघ त्यांस सांभाळावयाचा आहे, आणि सैल हातास शिस्त लावणें हें त्यांचें कामच आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं शिस्त लावतांना कोणती चूक सोडावयाची हें मुलांस सांगावें; केवळ आंकडा सांगितला, कीं मुलें चुकांबरोबर कर्तृत्वही सोडून देतात, कारण आंकडा उतरविण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो. परीक्षेंत, संसारांत, नोकरींत, हें आपण नित्य पाहतों. शब्द चुकेल म्हणून सभेंत न बोलणारा मुलगा, आणि पोळी करपेल म्हणून तव्यापाशीं न जाणारी सून, यांच्या वहीचें उजवें पान कोरेंच असतें.

आमच्या स्नेह्यांची वही अजून चालू आहे. तीस पंचवीस वर्षांची संवय एका चहानें कशी सुटावी? परंतु उजव्या पानावर आतां दोन रकाने आहेत. एकाच्या माथ्यावर 'विनातारण' असें लिहिलें आहे, दुसऱ्याच्या माथ्यावर 'सतारण'. परवांच्या सामन्यांत पहिल्या रकान्यांत एक रेघ पडली आणि दुसऱ्यांत तीन. घरीं जातांना वाटेंत बेरीज झालीच. पण वडिलांनीं विचारलें तें पहिल्या रकान्यांतल्या त्या एका रेघेविषयीं. ती मुलगी हें सांगावयास आमच्याकडे आली, तेव्हां या खेपेस चिवड्याची बशी मात्र तिनें रिकामी केली.